तीन दगडांची खूण

घारबाई चिडली की जंगलातल्या पानांचा रंग बदलतो, असं लॉजचा ड्रायव्हर प्रत्येक नव्या पाहुण्याला सांगायचा. उन्हाळ्यात त्या जंगलात झाडांवर पानच नसतं, हे मात्र सांगायचा नाही. सगळी पानं खाली, घोट्याघोट्यापर्यंत, आणि इतकी वाळलेली की एक माणूस चालला तरी दहा जण वर्तमानपत्रं चुरगाळतायत असं वाटावं.

घारबाई हे टोपणनाव एकतीस वर्षांपूर्वी कुणा पाहुण्याने दिलं आणि ते चिकटलं ते चिकटलं. वय अठ्ठावन्न, गुडघे सत्तरीचे, डोळे मात्र विशीतले. दोनशे पावलांवरच्या पोपटाला सर्दी झालीय की नाही ते ती सांगायची, आणि तिने सांगितल्यावर पोपट शिंकायचा. ड्रायव्हर हे शपथेवर सांगायचा, आणि ज्या पोपटाबद्दल सांगायचा तो काही खोटं पाडायला येत नसे.

लॉज तिच्या धाकट्या भावाचा, आणि पाहुण्यांना पक्षी दाखवायचं काम तिचं. सगळे त्याला मॅनेजरसाहेब म्हणत. ती एकटी ‘धाकट्या’ म्हणे, पाहुण्यांसमोरसुद्धा. दहा खोल्या, पत्र्याच्या छपराची जेवणाची खोली, दोन उघड्या जीपा आणि एक जाळीचं कपाट. कपाटात लाल टोप्यांची चळत. चार दिवसांच्या सहलीत ज्याला शंभर जातींचे पक्षी दिसतील त्याला त्यातली एक मिळायची, कपाळावर पांढऱ्या धाग्याने ‘१००’ भरलेली. लाल रंग पाहून निम्मं जंगल उडून जातं, हे घारबाईने टोप्या आल्या त्याच दिवशी सांगितलं होतं. त्यावर धाकटा म्हणाला होता, “टोपी मिळाल्यावर पक्षी कशाला हवेत, ताई?”

रोज दिवस मावळला की यादी व्हायची. लांब टेबलाभोवती पाहुणे बसत, घारबाई एकेक नाव वाचे, आणि ज्याला दिसला तो म्हणे “दिसला.” नुसता आवाज ऐकला असेल तर “ऐकला.” ऐकलेला शंभरात धरायचा नाही. शेवटी घारबाईची सही. तिची सही म्हणजे दगडावरची रेघ. ती दूरदूरच्या पक्षीवेड्यांत मानली जायची.

त्या खेपेला एक दातांचे डॉक्टर आले होते. सोबत तोफेएवढा कॅमेरा, तो ठेवायची तिपाई, आणि बायको. डॉक्टरीणबाई पक्ष्यांकडे बघायच्याच नाहीत, जीपमध्ये बसून विणकाम करायच्या आणि मधूनच म्हणायच्या, “बघा बघा, तुमच्या डोक्यावर एक बसलाय, तो धरला का यादीत?” तिसऱ्या संध्याकाळी यादी संपली तेव्हा डॉक्टर नव्याण्णववर होते. त्यांचा चेहरा असा झाला होता की जणू दाढ अर्धी उपटून कुणीतरी चहा प्यायला निघून गेलंय.

“एक राहिला,” डॉक्टर म्हणाले. त्या रात्री ते नीट जेवलेसुद्धा नाहीत.

चौथ्या दिवशी पहाटे घारबाई नेहमीप्रमाणे एकटीच सायकलवर निघाली. पाहुण्यांना उठवण्याआधी ती एक फेरी मारायची. पडक्या टाकीच्या वळणावर सायकलची चेन निघाली. ती बसवायला खाली वाकली, हात काळे केले, तोंडातल्या तोंडात सायकल बनवणाऱ्याच्या सात पिढ्या उद्धरल्या, आणि सहज मान वर केली तर समोर, रस्त्यापासून दहा पावलांवर, एका वाळक्या पानाने डोळा मिटला.

पान नव्हतंच ते. रातव्याची मादी होती. दिवसभर जमिनीवर बसून राहणारा हा पक्षी. अंगावर पाचोळ्याचं चित्र असं उमटलेलं की तिचा नवरासुद्धा घरी आल्यावर आधी दोन-तीन पानांना हाका मारत असेल. घरटं वगैरे काही नाही, नुसत्या जमिनीवर अंडी. ती ज्या तऱ्हेने छाती फुगवून बसली होती त्यावरून घारबाईने ओळखलं, खाली अंडी आहेत. मादीने डोळे चिरेएवढे बारीक केले होते. मला तुम्ही दिसत नाही, तेव्हा मी तुम्हाला दिसत नाही, असा तिचा कारभार.

घारबाईला त्या क्षणी डॉक्टर आठवले नाहीत असं नाही. रातवा त्यांच्या यादीत नव्हता. पण डॉक्टर जीपमधून बघून समाधान मानणारे नव्हते. ते उतरणार, तिपाई लावणार, जवळ जाणार, अजून जवळ जाणार. मादी उठली तर अंडी उघडी पडणार, आणि दुपारी ती जमीन तव्यासारखी व्हायची. दहा मिनिटं पुरेत.

म्हणून तिने रोजचं काम केलं. रस्त्याच्या कडेला मुठीएवढे तीन दगड एका ओळीत मांडले. ही तिची स्वतःची खूण होती, तिच्या भावाला, ड्रायव्हरला, तिथे काम करून गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक असलेली. तीन दगड दिसले की पुढे कोणाचं तरी घर आहे. गाडी थांबवायची नाही, उतरायचं नाही, आवाज करायचा नाही. चला पुढे.

न्याहारीला डॉक्टर उकडलेलं अंडं चमच्याने टकटक फोडत बसले होते.

“आजचा शेवटचा दिवस,” ते म्हणाले. “बाई, एक. फक्त एक.”

“दिसला तर दिसला,” घारबाई म्हणाली. “जंगल काही मी उघडलेलं दुकान नाही.”

“अहो, दुकान असतं तर यांनी मालच परत केला असता,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “वास येतोय म्हणून.”

धाकटा टेबलाच्या टोकाशी उभा राहून हसला. मग म्हणाला, “ताई, तू आज बाकीच्या चौघांना तळ्यावर ने. चालत जाता येईल. डॉक्टरांना मी घेतो.”

घारबाईने त्याच्याकडे पाहिलं. गेल्या वर्षभरात हा जीपमध्ये बसला नव्हता. त्याला धुळीने शिंका येतात. पण पाहुण्यांसमोर वाद नको म्हणून ती गप्प राहिली. आयुष्यात जितक्या वेळा ती पाहुण्यांसमोर गप्प राहिली त्या प्रत्येक वेळेचा तिला पुढे पश्चात्ताप झाला होता, पण ही खोड काही जात नव्हती.

साडेदहाला सगळ्यांनी लॉजवर परत यायचं, हा नियम होता. त्यानंतरचं ऊन माणसांचं नाही. घारबाई आपल्या चौघांना घेऊन दहा वाजताच आली. पावणेअकरा झाले. अकरा झाले. जीपचा पत्ता नाही. ती फाटकापाशी गेली. पडक्या टाकीच्या रस्त्यावर धुळीचा पट्टा अजून हवेत लोंबत होता. जीप गेली होती. परत आली नव्हती.

तिने काळी छत्री घेतली, सायकल काढली आणि गुडघ्यांना काही न विचारता निघाली.

ऊन असं होतं की सरडे एकेक पाय उचलून चालत होते, आणि आता कोणता पाय उचलायचा यावरून त्यांच्यात भांडणं चालली होती. वळणावर जीप उभी होती, तिच्या तीन दगडांना चाक टेकवून. डॉक्टरीणबाई एकट्याच जीपमध्ये, विणकाम मांडीवर, सुया थांबलेल्या. बाकीचे तिघे, म्हणजे डॉक्टर, धाकटा आणि ड्रायव्हर, आत पाचोळ्यात.

आणि त्यांच्या पुढे रातव्याची मादी एक पंख जमिनीवर घासत, लोळत, फडफडत चालली होती. पंख मोडलाय असं सोंग. माझ्यामागे या, मी सहज सापडेन, अंड्यांकडे बघू नका. डॉक्टर वाकून वाकून तिच्यामागे जात होते, कॅमेरा कडकड वाजत होता.

“काय नाचतोय! काय नाचतोय!” डॉक्टर म्हणत होते.

घारबाईने सायकल सोडून दिली. सायकल धाडकन पडली. ती सरळ अंडी होती त्या जागेकडे गेली, आणि तिथे पोचायच्या आधीच तिला दिसलं. तिपाईचा एक पाय. डॉक्टर कॅमेरा हातात घेऊन पुढे गेले होते, तिपाई मागे राहिली होती, आणि तिचा एक टोकदार पाय जिथे रोवला होता तिथे पानांवर पिवळा ओला डाग पसरला होता. त्याच्यापासून चार बोटांवर दुसरं अंडं. अख्खं. उन्हात. फिकट, ठिपकेदार, चकचकीत.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते त्या दिवशी कोणी त्या जंगलात उभं असतं तर त्याला दिसलं असतं. तिने तिपाई उपटली आणि भिरकावली. ती कुठे पडली हे नक्की सांगता येत नाही. कोणी म्हणतात झाडाला अडकली, ड्रायव्हर म्हणतो ती अजून खाली आलेली नाही. मग तिने छत्री उघडली, अंड्यावर सावली धरली आणि ओरडली. तिचा आवाज ऐकून मादीसुद्धा क्षणभर लंगडायची विसरली.

“धाकट्या! इकडे ये. हलू नकोस. नाही, ये. पाय बघून टाक. हे काय आहे?”

धाकटा आला. डागाकडे पाहिलं. “अरेरे,” म्हणाला.

“अरेरे? चहा सांडला का तुझा?”

“ताई, पाहुणे...”

“पाहुणे गेले खड्ड्यात! तिपाई कोणी लावली?”

तिपाई धाकट्यानेच वाहून आणली होती आणि त्यानेच लावली होती. डॉक्टरांच्या पाठीत उसण भरली होती ना.

डॉक्टर धापा टाकत आले. चेहरा फुललेला. “बाई, शंभर! रातवा! समोरासमोर!”

“त्या बिचारीचं एक अंडं तुमच्या तिपाईखाली फुटलंय, डॉक्टर.”

डॉक्टरांनी खाली पाहिलं. त्यांचा चेहरा थोडा उतरला, फार नाही. “दुसरं आहे की,” ते म्हणाले. “एक दात गेला म्हणून माणूस जेवायचा थांबत नाही.”

“मग आ करा. तुमचा काढते.”

जीपमधून डॉक्टरीणबाईंचा आवाज आला, “डावीकडची वरची दाढ काढा हो. तीच जास्त बोलते.”

घारबाई हसली नाही. ती ड्रायव्हरकडे वळली. तो बिचारा टोपी हातात घेऊन, चुकलेल्या बैलासारखा उभा होता.

“गाडी कोणी थांबवली इथे?”

“मीच, बाई.”

“डोळे फुटले होते? तीन दगड दिसले नाहीत?”

“दिसले ना,” ड्रायव्हर म्हणाला. “म्हणूनच तर थांबवली.”

छत्रीची सावली अंड्यावरून थोडी सरकली. तिने ती परत नीट धरली.

“काय म्हणालास?”

“बाई गाडीत नसतील तेव्हा दगड दिसले की थांबायचं. साहेबांनी पहिल्याच दिवशी शिकवलं. तीन वर्षं झाली आता. तीन दगड म्हणजे बाईंनी काहीतरी ठेवलंय, तिथे पाहुण्यांना उतरवायचं.” ड्रायव्हरला आपण काय बोलतोय ते अजून कळलं नव्हतं, उलट त्याला वाटलं, आपल्या हुशारीने बाई निवळतील. “मी तर घरी सांगतो, बाईंचे उपकार. नाहीतर मला कुठला पक्षी दिसायला? मला चष्मा लावून माझी बायको बाजारात सापडत नाही. दोनदा दुसरीच घेऊन आलोय.”

धाकटा रस्त्याकडे बघत होता.

घारबाईने आणखी काही विचारलं नाही. विचारायला वेळ नव्हता. तिने सगळ्यांना जीपमध्ये बसवलं आणि हाकललं. मग तिने विचार केला. ती छत्री घेऊन उभी राहील तोवर अंडं भाजणार नाही. पण ती उभी आहे तोवर मादी येणार नाही. आणि छत्री रोवून गेली तर त्या काळ्या भुताखाली कोणता पक्षी बसेल? एकतीस वर्षांत तिने त्या जंगलातली काडी मोडली नव्हती. आज मोडली. सुकी पानं धरून राहिलेली एका झुडपाची फांदी तिने कडाकड मोडून आणली, अंड्यावर तिची जाळीदार सावली पडेल अशी टेकवली, आणि टाकीच्या पडक्या भिंतीमागे पालथी पडून बघत राहिली. भिंत तापलेली, दगड पोटाला चटके देत होते. घड्याळ समोर धरलं. पाच मिनिटं. बारा. अठरा. बाविसाव्या मिनिटाला एक पान सरपटत आलं, फांदीखाली शिरलं, बूड हलवून नीट बसलं आणि डोळे चिरेएवढे केले.

घारबाई तशीच पडून राहिली. आता तिला विचार करायला वेळ होता, आणि तो तिला नको होता.

तीन वर्षं. मागच्या उन्हाळ्यातली तळ्याकाठची टिटवी. चार अंडी होती, आठवड्यात गायब. तिने दोष मुंगसाला दिला. त्याच्या आधीचं घुबड, ढोलीत दोन पिल्लं, आई सोडून गेली. तिने दोष उष्म्याला दिला. ओढ्याच्या दरडीत बिळं करून राहिलेले वेडे राघू, अख्खी वसाहत एका आठवड्यात उठून गेली. दोष सापाला दिला. त्या सापाला तर तिने तोंडावर शिव्या दिल्या होत्या. बिचारा साप! बिचारं मुंगूस! प्रत्येक ठिकाणी तिने स्वतःच्या हाताने तीन दगड मांडले होते. जितकी काळजी जास्त, तितके दगड ठळक. जी घरटी तिला सापडलीच नाहीत, ती सुखात राहिली होती. लोक आपल्या पायावर धोंडा पाडून घेतात. तिने एकेक निवडून दुसऱ्यांच्या घरावर टाकला होता.

त्या संध्याकाळी यादी धाकट्याने वाचली. घारबाई टेबलाच्या कोपऱ्यात हाताची घडी घालून बसली होती. नव्याण्णव झाले.

“शंभर,” धाकटा घसा साफ करून म्हणाला. “रातवा.”

“दिसला!” डॉक्टर म्हणाले.

“लंगडताना दिसला हो,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “हे म्हणाले नाचतोय. आमच्या लग्नात मी रडत होते तेव्हासुद्धा हे म्हणाले होते, किती आनंद झालाय हिला.”

धाकट्याने कागद बहिणीपुढे सरकवला. तिने तो परत सरकवला. पुन्हा सरकवला, पुन्हा परत. तिसऱ्या वेळी तिने पेन उचललं, टोपण लावलं आणि आपल्या खिशात टाकलं. शेवटी धाकट्याने दुसरं पेन मागवून स्वतः सही केली, कपाटातून लाल टोपी काढली आणि डॉक्टरांच्या डोक्यावर ठेवली. ती त्यांना कानापर्यंत आली.

पाहुणे हात धुवायला गेल्यावर ती उठली. धाकटा जाळीच्या कपाटाला कुलूप लावत होता.

“हे दगड मी कोणासाठी मांडले होते पहिल्यांदा?” तिने विचारलं.

“ताई, आता नको.”

“कोणासाठी?”

धाकट्याने किल्ली खिशात टाकली. “माझ्यासाठी.”

“किती वर्षांचा होतास?”

“पाच.”

“पाच. आंधळ्या रेड्यासारखा पळायचास. टिटवीच्या अंड्यांवर पाय देशील आणि मग रात्रभर रडशील, म्हणून मी तीन दगड मांडले आणि तुला कडेवर घेऊन सांगितलं, हे दिसले की थांब, मागे फीर. आणि तू कधी तुडवलं नाहीस. एकदाही नाही. मला त्याचा किती अभिमान होता, गाढवा! आजपर्यंत होता.”

“मी आजही तुडवलं नाही.”

“नाही, तू तिपाईने टोचलंस. सुधारणा आहे.”

आता धाकटाही चिडला. “तुला बोलायला काय जातं? तू न दाखवण्यातच मोठेपणा मानतेस. लोक इतक्या लांबून, इतक्या उन्हात येतात ते तुझं तोंड बघायला? त्यांना काहीतरी दिसायला लागतं, ताई. त्यांना दिसतं म्हणून या दहा खोल्या भरतात, आणि त्यातल्या एका खोलीत तू राहतेस. पंख्याखाली. तुझ्या दगडांवर हा लॉज उभा आहे, कळलं? तू मला सांगणार नाहीस हे मला माहीत होतं, म्हणून मी दगड वाचले. चोरी केली का? रस्त्यावरच तर होते.”

“विचारायचं होतंस.”

“विचारलं होतं. पहिल्या वर्षी. तू म्हणालीस, जंगल काही दुकान नाही.”

हे खरं होतं, आणि खरं असल्यामुळे तिचा राग आणखी वाढला. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात. इथे दांडा बोलत होता आणि वर बरोबरही बोलत होता.

“मग आजपासून एकही दगड मांडणार नाही,” ती म्हणाली.

धाकटा दारापर्यंत गेला आणि वळला. त्याच्या तोंडावर लहानपणी खोडी पकडली गेल्यावर यायचं तेच हसू होतं. “मांडशील,” तो म्हणाला. “मांडल्याशिवाय तुला झोप येणार नाही. तुझा हात मला माहितेय, ताई. तो गप्प बसत नाही.”

तो निघून गेला आणि ती त्या रिकाम्या खोलीत एकटी उरली. मग म्हणाली, “बरं. मांडते.” ऐकायला फक्त टोप्या होत्या.

दुसऱ्या दिवशी पाहुणे गेले. डॉक्टरीणबाईंनी जाताना तिच्या हातात विणलेलं काहीतरी कोंबलं. “मोजा आहे,” त्या म्हणाल्या. “एकच झाला. दुसरा करवेना मला काल.” घारबाईने तो सायकलच्या पिशवीत टाकला.

नवे पाहुणे परवा यायचे होते. दोन टोळ्यांच्या मधला तो एक दिवस रिकामा असायचा. त्या दिवशी चादरी धुतल्या जात, जीपांना तेल घातलं जाई, आणि धाकटा दुपारी घोरत असे. घारबाई पहाटेच निघाली. आधी पडक्या टाकीपाशी गेली आणि तिथले तीन दगड उचलून पिशवीत टाकले. फांदीखालचं पान जागेवर होतं.

मग ती कामाला लागली.

तिने पहिले तीन दगड मांडले ते मुंग्यांच्या वारुळासमोर. दुसरे खाजकुयलीच्या वेलाखाली, जिच्या शेंगांवरची लव नुसती वाऱ्याने अंगावर आली तरी माणूस आपल्या पूर्वजांची माफी मागतो. तिसरे उघड्या कातळासमोर, जिथे काही म्हणजे काहीच नव्हतं, सावलीसुद्धा नाही. मग काटेरी जाळीसमोर. मग मेलेल्या रानडुकरासमोर, वारा रस्त्याकडे असेल असं बघून. प्रत्येक वळणावर, प्रत्येक उतारावर, आणि कुठे घर नाही याची खात्री करून मगच. ते तपासायला तिचे डोळे होते. किती ठिकाणी मांडले? ड्रायव्हर चारशे म्हणतो. चारशे ठिकाणी तीन म्हणजे बाराशे दगड, आणि एका दिवसात, अठ्ठावन्नाव्या वर्षी! पण त्यानंतर ओढ्यात दगड उरले नाहीत आणि मासे उघड्यावर पडले असंही तोच म्हणतो, तेव्हा ज्याने त्याने आपल्याला झेपेल तेवढं मानावं. तिचा राग मोठा होता, एवढं खरं.

नवे पाहुणे आले. घारबाई म्हणाली, माझे गुडघे धरलेत, धाकट्या, तूच जा.

ड्रायव्हर इमानी माणूस. पहिले दगड दिसले, थांबला. सगळे उतरले, वारुळाभोवती उभे राहून एक मिनिट शांतपणे बघत राहिले, आणि मग एकदम सगळेच नाचायला लागले. दुसरे दगड, थांबला. धाकटा पुढे होऊन वेल बाजूला सारत म्हणाला, “इथे नक्की काहीतरी आहे, ताईची खूण आहे.” होतंच. ते त्याच्या मानेवर, कॉलरमध्ये आणि बाह्यांत गेलं. तिसरे दगड, कातळ. पाहुण्यांनी अर्धा तास दुर्बिणी लावून कातळ पाहिला. एका आजोबांनी तर त्यात तीन पक्षी पाहिले. चार तासांत जीप सव्वा मैल गेली. संध्याकाळच्या यादीत अकरा पक्षी झाले, त्यात दोन कावळे लॉजच्या फाटकावरचे आणि तीन आजोबांचे.

दुसऱ्या दिवशी रानडुकरापाशी एका बाईंना भोवळ आली. तिसऱ्या दिवशी पाहुण्यांनी धाकट्याला टेबलाभोवती घेरलं. तो मान, काख आणि पाठ तीन वेगळ्या वस्तूंनी खाजवत होता. एका हातात जेवणाचा काटा होता.

चौथ्या पहाटे घारबाई फाटकापाशी सायकलला हवा भरत असताना तिला धाकट्याचा आवाज ऐकू आला. तो ड्रायव्हरला दरडावून सांगत होता.

“नीट ऐक. इथून पुढे तीन दगड दिसले की थांबायचं नाही. कोणी कितीही ओरडू दे. कोणाला उतरू द्यायचं नाही. दगड दिसले की गाडी पुढे काढायची. समजलं?”

“समजलं, साहेब. उलटं केलं.”

घारबाईने पंप खाली ठेवला. हसावं की संतापावं, हे तिला ठरवता आलं नाही, आणि ठरवायची तिला गरजही वाटली नाही.

त्या सकाळी ती जीपच्या आधी पडक्या टाकीपाशी पोचली. पिशवीतून तेच तीन दगड काढले. एकाला अजून चाकाचा काळा ओरखडा होता. रस्त्याच्या कडेला, एका ओळीत, पूर्वीच्याच जागी तिने ते मांडले. मग टाकीच्या भिंतीमागे गेली.

जीप आली. दगड दिसताच ड्रायव्हरने गाडी दामटली. मागच्या सीटवरून कोणीतरी विचारलं, “इथे काय आहे?”

“काही नाही हो,” धाकटा मान खाजवत म्हणाला. “पुढे घे रे, पुढे घे.”

पण जाता जाता त्याने मान वळवली. फांदीकडे नाही, दगडांकडे. त्या एका दगडावरच्या काळ्या ओरखड्याकडे. जीप वळणाआड जाईपर्यंत तो मागे वळून बघत होता, आणि तोंडाने “पुढे घे, पुढे घे” म्हणतच होता.

घारबाईने ते पाहिलं. तिने त्याला हात केला नाही. त्या दिवशी दुपारी त्याने जेवताना तिच्याकडे मिठाची बाटली मागितली, तीही तिने दिली नाही. उठून घे म्हणाली.

धुळीचा पट्टा खाली बसला. फांदीखालची मादी जरा सरकली, आणि तिच्या छातीखालून आणखी एक पान बाहेर आलं, अंगठ्याएवढं, ओलसर. त्याने डोळे उघडले, जंगल पाहिलं, आणि लगेच चिरेएवढे मिटून घेतले.